एकाच वस्तूपुरते पैसे

पैसे एकाच वस्तूपुरते असले की गेमिंग पीसीचा खरा विचार सुरू होतो. दोन लाख घेऊन दुकानात जाणाऱ्याला यादी करून दिली की झालं. ज्याच्याकडे बारा हजार आहेत, चार-पाच वर्षांपूर्वी असेंबल केलेलं मशीन आहे आणि ते हल्ली ‘लॅग मारतंय’, त्याला मात्र एकेक भाग निरखून बघावा लागतो. मला नोकरीला लागून बरीच वर्षं झाली, हवं ते घेता येतं. तरी हा दुसरा प्रश्न आजही जास्त जवळचा वाटतो. तो सोडवायचा तर मशीन समजून घेण्यावाचून गत्यंतर नसतं.

प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: ग्राफिक कार्ड. त्यात नवल काहीच नाही. सगळं कौतुक कार्डाच्याच वाट्याला येतं. खोकं मोठं, किंमत मोठी, आणि मित्र विचारतात तेही ‘कार्ड कोणतं?’ एवढंच. रॅम एक स्टिक आहे की दोन, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कुठला बसवलाय, याची चौकशी कुणी करत नाही.

२०२४ च्या दिवाळीत मी सांगलीला ताईकडे गेले होते. भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. फराळाची ताटली हातात देता देताच त्याने विचारलं, “मावशी, आरएक्स ६६०० कार्ड सेकंड हँड मिळतंय, बारा हजारांत. घेऊ का?”

त्याचं मशीन आपल्याकडे घरोघरी सापडेल तसंच. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, विंडोजपुरती लहानशी एसएसडी, गेम्ससाठी १ टीबीची हार्ड डिस्क आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. दहावीनंतर वडिलांनी घेऊन दिलेलं, तेव्हाच्या मानाने व्यवस्थित. मी म्हटलं, “कार्डाचं नंतर बघू. आधी हे कुठे अडतंय ते बघूया.”

कुठे अडतंय हे कळायला पडद्यावरचं चित्र बनतं कसं ते थोडं माहीत हवं. एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, दोघं मिळून बनवतात. कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, भिंतीमागून काय दिसणार, याचा हिशोब प्रोसेसर करतो आणि काय काय काढायचं त्याची यादी कार्डाला देतो. कार्ड ती यादी घेऊन चित्र रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. एक बाई पोळ्या लाटतेय आणि दुसरी भाजतेय, तसं. लाटणारी हळू असेल तर तवा नुसता तापत राहतो, आणि भाजणारी हळू असेल तर पोळपाटाशेजारी लाटलेल्या पोळ्या साठतात. ताटात पोळी येण्याचा वेग दोघींतल्या हळू असेल तिचाच.

आकड्यांत सांगायचं तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरला सेकंदाला ६० चित्रं लागतात, म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. १४४ हर्ट्झला तोच वेळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो. समजा एखाद्या गेमात प्रोसेसरला फ्रेममागे ९ आणि कार्डाला २० मिलिसेकंद लागतात. मिळणार २० च्याच हिशोबाने, म्हणजे ५० एफपीएस (सेकंदाला ५० फ्रेम). आता कार्ड चौपट वेगाचं आणलं, त्याचे २० चे ५ झाले. एफपीएस २०० होतील असं वाटतं, पण प्रोसेसरचे ९ तसेच आहेत. १११ च्या पुढे गाडी सरकत नाही. कार्ड मग जवळजवळ निम्मा वेळ रिकामंच बसून राहतं, आणि त्याचेही पैसे आपण मोजलेले असतात.

लोडिंगचं गणित याहून वेगळं आहे, आणि दोन्ही गणितं एकच समजल्याने पुष्कळ पैसे चुकीच्या जागी जातात. लोडिंगमध्ये वेळांची जवळजवळ बेरीज होते. डिस्कवरून वाचायचं, प्रोसेसरने ते उलगडायचं, मग कार्डाकडे पाठवायचं. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जीन ॲमडाल यांनी १९६७ साली संगणकांविषयी जो मुद्दा मांडला तो इथे चपखल बसतो: एखादा टप्पा कितीही वेगवान केला तरी एकूण फायदा तो टप्पा मुळात किती वेळ खात होता त्यापलीकडे जात नाही. समजा लोडिंगला ६० सेकंद लागतात, त्यातले ४० हार्ड डिस्क खाते. साधी साटा एसएसडी तिच्या साधारण चौपट वेगाने वाचते, म्हणजे ४० चे १० आणि एकूण ३०. अर्धा वेळ वाचला. त्याऐवजी सेकंदाला ३५०० एमबी वाचणारी एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी, लावली तर ४० चे दीड सेकंद होतील, एकूण साडेएकवीस. कागदावर एनव्हीएमई साटाच्या सहापट, खुर्चीत बसलेल्याला फरक साडेआठ सेकंदांचा. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाणं ही मोठी उडी. एका एसएसडीवरून दुसरीवर जाण्यासाठी मी कुणालाही पैसे खर्च करायला सांगणार नाही.

तर कुठे अडतंय ते मोजायला आम्ही आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबतचा रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाकली. दोन्ही फुकट. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस, कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, रॅम आणि प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (एका वेळी चालणारा कामाचा एक धागा) वेगवेगळा दिसतो. प्रत्येक थ्रेड वेगळा बघणं महत्त्वाचं. नुसती सरासरी बघितली तर प्रोसेसर ४० टक्के दिसतो आणि तो आरामात आहे असं वाटतं. प्रत्यक्षात गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर ठासून भरलेला असतो आणि बाकीचे बसून असतात. कार्डाचं वाचन सोपं. ते सतत ९७-९९ टक्क्यांवर असेल तर तेच अडवतंय. ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तुम्ही फ्रेम लिमिट लावलेलं नसेल, तर ते दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतंय. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस वाढले तर अडचण कार्डाची. तसूभरही हलले नाहीत तर नवीन कार्ड आणून काही होणार नाही.

भाचा दोनच गेम मनापासून खेळतो. संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम, आणि सेलमध्ये घेतलेला सायबरपंक. त्या दोन्हींनी दोन वेगळी उत्तरं दिली.

व्हॅलोरंटमध्ये एफपीएस दीडशेच्या आसपास होते. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे तसंही गरजेपेक्षा जास्तच. तरी तो म्हणत होता की मारामारीच्या ऐन वेळी अटकतं. बघितलं तर खरंच दीडशेचे एकदम साठ-सत्तर व्हायचे. कार्ड तेव्हा अर्ध्या वापरावर. कोपऱ्यातली रॅमची ओळ मात्र सारखी साडेसात जीबीच्या आसपास, पाठीमागे गप्पांचं डिस्कॉर्ड आणि ब्राउझर उघडे. ८ जीबी भरली की विंडोज काही भाग डिस्कवर टाकतं आणि लागला की परत ओढून आणतं. ज्या क्षणी ते ओढणं चालू असतं त्या क्षणी हात थांबल्यासारखा वाटतो. शिवाय एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधला रस्ता अर्धाच उघडा. आणि मी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) उघडला तर तिथे एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, बंद. ३००० ची स्टिक २४०० वर चालत होती. रायझनच्या त्या पिढ्यांत प्रोसेसरच्या आतली देवाणघेवाणही रॅमच्या वेगाशी बांधलेली असते, त्यामुळे तिथे हा तोटा जास्त बसतो. ते सेटिंग बदलायला एक रुपया लागला नाही.

सायबरपंकमध्ये चित्र उलटं. कार्ड ९९ टक्के, त्याची ४ जीबी मेमरी काठोकाठ, एफपीएस तिशीत. इथे कार्डच अडवत होतं, वादच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या गेमचं २.० अपडेट आलं तेव्हा किमान अपेक्षाच वाढल्या: कार्ड ६ जीबीचं जीटीएक्स १०६०, रॅम १२ जीबी आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. भाच्याचं मशीन तिन्ही बाबतींत त्या रेषेखाली. गाडी जोरात चालवली की समोरची इमारत उशिरा उमटायची, रस्त्यावर धक्के बसायचे. तो त्यालाही ‘कार्ड कमी पडतंय’ म्हणत होता. हार्ड डिस्कचा दिवा त्या वेळी अखंड पेटलेला असायचा.

मग आम्ही कॅबिनेटचं झाकण काढलं. मला सगळ्यात आधी बघायचा होता तो एसएमपीएसचा स्टिकर. मोबाईलचा टॉर्च धरून वाचला. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्ता: ३.३ व्होल्टला किती अँपिअर, ५ व्होल्टला किती, १२ व्होल्टला किती. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते १२ व्होल्टवर. तिथे लिहिलं होतं १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. ठळक अक्षरांतल्या ४५० पैकी कामाचे एवढेच. त्याला हवं असलेलं आरएक्स ६६०० कार्ड एकटंच १३२ वॅट घेतं. रायझन २६०० नावाला ६५ वॅटचा असला तरी सगळे कोअर जोरात चालले की ८०-८५ च्या घरात जातो. पंखे, डिस्क, बोर्ड बाजूला ठेवले तरी बेरीज १९२ च्या पुढे. त्यात त्या एसएमपीएसला कार्डासाठी लागणारी ८ पिनची वायरच नव्हती. मोलेक्स या जुन्या वायरवरून जोडणारी पट्टी दुकानदार शंभर रुपयांत देतो, आणि ती वितळल्याचे फोटो मी पुरेसे पाहिलेत. जुन्या जीटीएक्स १६५० चं बिनबोभाट चाललं होतं कारण ते ७५ वॅटचं कार्ड, बोर्डाच्या स्लॉटमधूनच भागायचं.

मी इथे जरा हट्टी आहे. कार्ड बदलायचं असेल तर एसएमपीएसचा खर्च कार्डाच्याच किमतीत धरावा, ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नये. आपल्याकडे वीज जाते, येताना झटका देते, कुठे व्होल्टेज कमी, कुठे इन्व्हर्टरवर सगळं घर. असा झटका पहिला सोसतो तो हा डबा. तो साध्यासुध्या कंपनीचा असेल तर जाताना बोर्डालाही घेऊन जातो. यूपीएसचंही तेच: घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मोठं कार्ड लावून मॉनिटरही त्यावरच ठेवला, की वीज गेल्यावर सेव्ह करायच्या आत सगळं बंद.

झाकण उघडलंच होतं म्हणून प्रोसेसरवरचा हीटसिंकही काढला. पंखा आणि पात्यांच्या मध्ये धुळीचा जाड थर बसला होता, आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि तेही बाहेरून ‘जुना झाला’ असंच दिसतं. सांगलीत निभावतं, नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तिथे दर उन्हाळ्याआधी ही सफाई केल्याशिवाय कुठल्याही अपग्रेडचा विचार करू नये असं माझं मत आहे.

त्याचे बारा हजार अखेर असे गेले. तसलीच दुसरी ८ जीबीची स्टिक, तेव्हा दीड-पावणेदोन हजारांत मिळाली. ५१२ जीबीची एनव्हीएमई तीन हजारांच्या वर (बोर्डावर स्लॉट रिकामा होता आणि साटाच्या तुलनेत किमतीत फारसा फरक नव्हता, एवढंच कारण). ५५० वॅटचा ब्राँझ रेटिंगचा एसएमपीएस चार हजारांच्या आसपास. उरलेले कार्डासाठी बाजूला. बारा हजार खर्चायला निघालेल्या मुलाच्या हातात मित्रांना दाखवण्यासारखं काहीच आलं नाही, याचं त्याला थोडं वाईट वाटलं आणि मला ते समजत होतं. पण त्या रात्री व्हॅलोरंट अडखळलं नाही. सायबरपंकचे एफपीएस फारसे वाढले नाहीत; शहरातून गाडी मात्र धक्क्यांविना चालली.

सगळ्यांना हा क्रम लागू पडेल असं नाही. त्याच्याकडे एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड होता हे त्याचं नशीब. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डी पर्यंत सगळे त्याच सॉकेटवर बसतात. बी४५० ला बायोस अपडेट केला की रायझन ५ ५६०० सुद्धा चालतो. इंटेलच्या सातव्या पिढीचा आय५ ७४०० ज्यांच्याकडे आहे त्यांचं दुखणं निराळं. आठव्या पिढीचं सॉकेट नावाला तेच, ११५१, पण जुन्या बोर्डावर तो प्रोसेसर चालत नाही. म्हणजे प्रोसेसर म्हटलं की बोर्डही आला, आणि आजचा बोर्ड घेतला तर बहुधा नव्या पिढीची डीडीआर५ रॅमही आली. एक वस्तू घ्यायला गेलात तर तीन पदरात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि सातव्या पिढीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशीनवर मी एसएसडी, कार्ड आणि एसएमपीएस एवढ्यांवरच पैसे घालीन, कारण पुढच्या मशीनमध्ये ते तिन्ही उचलून नेता येतात.

कार्ड निवडतानाही बोर्डाकडे बघावं लागतं. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त म्हणून बऱ्याच जणांना मोहात पाडतं. त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या) चारच लेन आणि मेमरी ४ जीबी. पीसीआय एक्सप्रेस चौथ्या पिढीचं असलेल्या बोर्डावर निभावतं. बी४५० सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तोच रस्ता निम्मा होतो, आणि मेमरी भरली की कार्डाला त्याच अरुंद रस्त्याने रॅमकडे धावावं लागतं. नेमकं जुनं मशीन असलेल्याच्याच पदरात ते कमी देतं. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचं थोडंच नुकसान होतं. भाच्याने निवडलेलं कार्ड चांगलंच होतं, फक्त त्याची पाळी यायची होती.

२०२५ च्या उन्हाळ्यात त्याने ते घेतलं, सेकंड हँडच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मित्राकरवी मागवलं, पण आधी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास गेम चालवून दाखवायला लावला. हे करायलाच हवं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची (कार्डांना गणितं सोडवायला लावून नाणी मिळवायची) पद्धत बंद केली आणि अहोरात्र राबलेली कार्डं सेकंड हँड बाजारात आली. चिप सहसा टिकते. पंख्यांची आणि मेमरीवरच्या थर्मल पॅडची मात्र खात्री नसते. तापमान आणि पंख्याचा आवाज, दोन्ही बघून-ऐकून घ्यावेत, आणि बिल मिळालं तर शंभर-दोनशे जास्त द्यावेत.

रॅम २०२४ मध्येच घेतली याचं आता जास्त समाधान वाटतं. २०२५ सरता सरता एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीच्या कारखान्यांचा माल ओढून घेतला आणि घरगुती रॅमच्या किमती काही महिन्यांत दुपटीच्या वर गेल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘आधी रॅम, ती स्वस्त असते’ हा आमचा वर्षानुवर्षांचा सल्ला एका हिवाळ्यात उलटा झाला. आज कुणी ८ जीबीवर अडलेलं असेल तर मी जुन्या डीडीआर४ च्या स्टिकांकडे बघायला सांगते. चालू मशीनमधून काढलेली, वेग आपल्या स्टिकसारखा, आणि मेमटेस्ट ही रॅमची तपासणी रात्रभर चालवून एकही चूक न दाखवणारी. रॅमला पंखा नसतो, झिजायला तिच्यात फारसं काही नाही.

नव्या कार्डावर भाच्याचा सायबरपंक साठीच्या वर गेला. आता गर्दीच्या बाजारात शिरलं की कार्ड ७० टक्क्यांवर येतं आणि प्रोसेसरचा एक थ्रेड शंभरीला टेकतो. अडण्याची जागा २६०० कडे सरकलीय. त्याने ते स्वतःच ओळखलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवला, वर्तुळ काढून. पुन्हा दहा-बारा हजार जमलेत. तो म्हणतो ५६०० घेतो, बायोस अपडेट करून ठेवलाय. माझं मत मॉनिटरला. रोज संध्याकाळी तो जे खेळतो त्यात दीडशे फ्रेम तयार होतात आणि साठ दिसतात, आणि पुढचं मशीन आलं तरी मॉनिटर टेबलावर राहतो. त्याचं म्हणणं, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला आणि २६०० ऐन मारामारीत एकशे दहावर आला तर काय फायदा? यावर मी त्याला आठवडाभराचे आकडे काढायला सांगितलेत, मारामारीच्या वेळचे, एक टक्का लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) धरून. ते एकशे वीसच्या खाली आले तर ५६००, वर राहिले तर मॉनिटर. अजून तीन दिवसांचेच आलेत.